श्रीलंका २०२४ : मतपत्रिकेवरचा हत्ती कुठे गेला?

समुद्रपक्षी (धागाकर्ता)

मंडळी, श्रीलंकेच्या २०२४ च्या निवडणुकांबद्दल आपल्याकडे जे छापून आलं, ते बहुतेक ‘डावे आले, आता भारताचं कसं’ एवढ्यावरच थांबलं. मी तेव्हा तिथे होतो. २०१९ च्या सुरुवातीला नोकरीसाठी कोलंबोला गेलो आणि २०२४ संपता संपता परत आलो. लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं होतं. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आधी आकडे. नोव्हेंबर २०१९ मध्ये अध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या डाव्या नेत्याला, अनुरा कुमार दिसानायके यांना, ३.१६ टक्के मतं पडली होती. २१ सप्टेंबर २०२४ ला त्यांनाच पहिल्या पसंतीची ४२.३१ टक्के मतं पडली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ नोव्हेंबरला संसदेची निवडणूक झाली. त्यांच्या एनपीपी (नॅशनल पीपल्स पॉवर) आघाडीला ६१.५६ टक्के मतं आणि २२५ पैकी १५९ जागा. आधीच्या संसदेत त्यांचे खासदार होते तीन. राजपक्षे घराण्याच्या पक्षाचे होते १४५. नव्या संसदेत राजपक्षेंचे तीन उरले.

हे वाचून वाटतं की एका रात्रीत लाट आली आणि जुने पक्ष वाहून गेले. मला हे पटत नाही. जुने पक्ष मतदानाच्या कितीतरी आधी घर सोडून गेले होते. लोकांनी नुसतं दाराला कुलूप लावलं.

माझ्या घरमालकीणबाईंचं सांगतो. कोलंबोच्या दक्षिणेला देहिवलात त्यांचं घर, मी वरच्या मजल्यावर भाड्याने. निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या पुढे. आख्खी गल्ली त्यांना ‘टीचर’ म्हणायची, मीही म्हणायचो. त्या मला ‘पुता’ म्हणायच्या, म्हणजे आपला पुत्रच. त्यांचं घराणं पिढीजात यूएनपीचं. युनायटेड नॅशनल पार्टी, १९४६ चा पक्ष, स्वातंत्र्यानंतरचे देशाचे पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके याच पक्षाचे. चिन्ह हत्ती. समोरचा पक्ष म्हणजे बंडारनायकेंनी १९५१ मध्ये काढलेली श्रीलंका फ्रीडम पार्टी, एसएलएफपी. चिन्ह हात. सत्तर वर्षं हत्ती आणि हात यांच्यातच देश वाटलेला होता. लग्नं जमवतानासुद्धा घर हत्तीचं की हाताचं हे बघायचे, असं टीचर सांगायच्या.

एका संध्याकाळी वीज गेलेली असताना त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. २००५ नंतर अध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवर त्यांना हत्ती दिसलाच नाही. २०१० मध्ये पक्षाने निवृत्त लष्करप्रमुखांना पाठिंबा दिला, चिन्ह हंस. २०१५ मध्ये पुन्हा हंस, आणि उमेदवार थेट समोरच्या पक्षातून फुटून आलेला. २०१९ मध्ये उमेदवार घरचाच होता, सजिथ प्रेमदासा, पण चिन्ह हंसच. पुढे तोही आपला गट घेऊन बाहेर पडला. २०२० च्या संसदीय निवडणुकीत हत्तीला देशभरातून २.१५ टक्के मतं पडली आणि एकही जागा निवडून आली नाही. राष्ट्रीय यादीतून, म्हणजे देशभरातल्या एकूण मतांच्या प्रमाणात वाटतात त्या जागांतून, एक खासदार मिळाला, तेवढाच. म्हणजे ज्या पक्षाने १९७७ मध्ये १६८ पैकी १४० जागा जिंकल्या होत्या, तो पक्ष २०२४ च्या चार वर्षं आधीच संपलेला होता.

आणि २०२४ मध्ये? रनिल विक्रमसिंघे, यूएनपीचे नेते, स्वतः राष्ट्राध्यक्ष, अपक्ष म्हणून उभे राहिले. चिन्ह मिळालं गॅस सिलिंडर.

हे चिन्ह तिथल्या माणसाला काय आठवण करून देत होतं ते सांगायलाच हवं. २०२२ च्या मे-जूनमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिलिंडरची रांग लागायची. माणसं दोन-दोन दिवस उभी कशी राहणार, म्हणून मोकळे सिलिंडर रांगेत ठेवून एकाच्या कडीतून दुसऱ्याच्या कडीत साखळी ओवायचे आणि कुलूप घालायचे. प्रत्येकावर खडूने नाव. पाऊस आला की नावं पुसली जायची, मग भांडणं. टीचरचा सिलिंडर मी लावून यायचो. त्यांनी खडूऐवजी नेलपॉलिशने नाव घातलं होतं, पावसात टिकावं म्हणून.

त्या रांगा कुठून आल्या हे थोडक्यात सांगतो. डॉलर संपले होते. मार्च २०२२ मध्ये डॉलरला २०० श्रीलंकन रुपयांच्या आसपास भाव होता, मे महिन्यात तो ३६० वर गेला. वीज एका दिवसात तेरा-तेरा तास जायची. कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांनी परीक्षा पुढे ढकलल्या. एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्ज फेडता येणार नाही असं जाहीर केलं. पुढे पेट्रोलसाठी क्यूआर कोड आले : रिक्षाला आठवड्याला पाच लिटर, मोटारसायकलला चार. पाच लिटरमध्ये रिक्षावाल्याने घर कसं चालवावं?

९ जुलैला लोक अध्यक्षांच्या प्रासादात घुसले, ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. १३ जुलैच्या पहाटे अध्यक्ष गोताबया राजपक्षे देश सोडून गेले. पण माझ्या मते निवडणुकीचा निकाल त्यानंतर आठवड्याने, २० जुलैला लागला. संसदेने नवा अध्यक्ष निवडायचा होता. विक्रमसिंघेंना १३४ मतं, बहुतेक राजपक्षेंच्याच खासदारांची. दुसऱ्या उमेदवाराला ८२. आणि दिसानायकेंना तीन. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे एक रिक्षावाला होता. मोबाइलवर निकाल बघून तो एवढंच म्हणाला, “हत्तीच्या पाठीवर राजपक्षे.” कुणी हसलं नाही.

ज्यांच्या विरोधात आयुष्यभर मत दिलं तेच आता एकमेकांना तारताहेत, हे त्या दिवशी सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. मला हे आतून लागलं, कारण मी टीचरचा चेहरा पाहिला होता. तुमची मतं वाचायला आवडतील.

नवखा_वाचक

सुंदर लिहिलंय. दोन शंका. एक, ४२ टक्क्यांवर अध्यक्ष कसे झाले? तिथे ५० टक्क्यांची अट आहे ना? दोन, एनपीपी आणि जेव्हीपी एकच का?

समुद्रपक्षी

अट आहेच. मतदार १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहू शकतो, किंवा नुसती फुली मारू शकतो. कुणीच ५० टक्क्यांवर गेलं नाही तर पहिले दोघे सोडून बाकीचे बाद होतात आणि बाद झालेल्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. १९८२ पासून ही तरतूद होती, पण दुसरी फेरी मोजायची वेळ २०२४ मध्ये पहिल्यांदाच आली. गंमत वाटेल, दुसऱ्या पसंतीची मतं दिसानायकेंना जेमतेम एक लाख पाच हजार मिळाली. बहुतेकांनी एकच नाव निवडलं होतं.

जेव्हीपी, म्हणजे जनता विमुक्ति पेरमुना, हा जुना मार्क्सवादी पक्ष. एनपीपी ही त्याच्याभोवती २०१९ मध्ये उभी केलेली मोठी आघाडी : कामगार संघटना, शिक्षक, प्राध्यापक, महिला गट, कलाकार. चिन्ह होकायंत्र, सिंहलीत ‘मालिमाव’. कणा जेव्हीपीचा आणि चेहरा पुष्कळ नव्या माणसांचा. पंतप्रधान झालेल्या हरिणी अमरसूर्या या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापिका, मूळच्या पक्ष कार्यकर्त्या नव्हेत. पदवीला त्या दिल्लीच्या हिंदू कॉलेजात होत्या.

कृष्णाकाठ

लेख वाचून १९७७ आठवलं. मी १९ वर्षांचा, मतदानाचं वय तेव्हा २१, त्यामुळे मत नव्हतं, पण सांगलीत आमच्या वाड्यात रात्रभर रेडिओभोवती बसलो होतो. रायबरेलीचा निकाल कळला तेव्हा माझे आजोबा, जन्मभर काँग्रेसचे, उठून आत गेले आणि देवापाशी बसले. आनंदाने की दुःखाने हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

पण म्हणूनच धागाकर्त्याशी थोडा असहमत. पक्ष आधीच संपलेले होते म्हणता, तर इंदिराबाई १९८० मध्ये परत कशा आल्या? पाडायला एकत्र आलेले लोक राज्य करायला एकत्र राहत नाहीत. जनता पक्ष जुलै १९७९ मध्ये मोडला. पाडणं ही एक भूक असते, चालवणं हा व्यवसाय आहे. श्रीलंकेत वेगळं काय होणार?

समुद्रपक्षी

काका, फरक आहे. जनता पक्ष म्हणजे चार-पाच जुन्या पक्षांची मोट होती, प्रत्येकाचा पुढारी वेगळा. इथे कणा एकाच शिस्तीच्या पक्षाचा आहे. त्या शिस्तीचं ओझं वेगळं आहे, त्याबद्दल कुणीतरी लिहील याची खात्री आहे.

शेवंती

मी लिहीन, पण आधी आकड्यांचं. ‘लाट’ म्हणताना एक गोष्ट सगळे विसरतात.

सप्टेंबरमध्ये मतदान ७९.४६ टक्के. नोव्हेंबरमध्ये सुमारे ६९. दिसानायकेंना सप्टेंबरमध्ये ५६ लाख ३४ हजार मतं होती, नोव्हेंबरमध्ये एनपीपीला ६८ लाख ६३ हजार. म्हणजे वाढ सव्वाबारा लाखांची. आता दुसरी बाजू : सजिथ प्रेमदासांना सप्टेंबरमध्ये ४३ लाख ६३ हजार, नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पक्षाला १९ लाख ६९ हजार. विक्रमसिंघेंची सुमारे २३ लाख होती, त्यांच्या आघाडीला नोव्हेंबरमध्ये पाच लाख. या दोघांनी मिळून ४२ लाख मतं गमावली आणि एनपीपीची वाढली १२ लाख. उरलेल्यांतले थोडे लहान पक्षांकडे गेले असतील, पण फार मोठा भाग घरी बसला.

१५९ जागांमागे जसा उत्साह आहे तसाच विरोधकांच्या मतदारांचा थकवाही आहे. घरी बसलेला मतदार म्हणजे आपल्याला मिळालेला मतदार, असं नव्या सरकारने समजू नये.

आता व्यवस्थेबद्दल. १९७७ पर्यंत तिथे आपल्यासारखीच पद्धत होती, ज्याला जास्त मतं तो निवडून. त्यामुळे लाटा यायच्या. १९७० मध्ये एक बाजू, १९७७ मध्ये दुसरी. जे. आर. जयवर्धने यांच्या १९७८ च्या राज्यघटनेने प्रमाणशीर पद्धत आणली, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा. त्यामागे एक हिशोब होता : पुन्हा कुणा एकाला दोन तृतीयांश मिळू नयेत, म्हणजे घटना बदलता येऊ नये. तेव्हापासून कुणालाही निवडणुकीत एकट्याच्या बळावर १५० (२२५ चे दोन तृतीयांश) गाठता आले नव्हते. २०१० मध्ये १४४, २०२० मध्ये १४५. पुढे फोडाफोडी करून आकडा गाठायचे. २०२४ मध्ये पहिल्यांदाच मतपेटीतून १५० ओलांडले.

६१ टक्के मतांत ७० टक्के जागा कशा, याचंही उत्तर तिथेच आहे. २२ जिल्हे हेच मतदारसंघ. जिल्ह्यात पहिला येणाऱ्याला एक बोनस जागा, आणि पाच टक्क्यांखालचे पक्ष त्या जिल्ह्यात बाद. एनपीपी २२ पैकी २१ जिल्ह्यांत पहिली आली, फक्त बट्टिकलोआ सुटला. समोर मात्र विरोधी मतं डझनभर चिन्हांत विखुरलेली. राजपक्षेंच्या हंबनटोटात सातपैकी पाच जागा एनपीपीच्या.

निफाडकर

राजकारणात मला फार गम्य नाही, शेतीतलं सांगतो. धागाकर्त्यांनी डॉलरचं लिहिलं, खताचं राहिलं. २०२१ च्या मे महिन्यात गोताबयांच्या सरकारने रासायनिक खतांची आणि कीटकनाशकांची आयात एका फटक्यात बंद केली. सगळा देश सेंद्रिय करायचा म्हणून. नोव्हेंबरमध्ये माघार घेतली, पण तोवर हंगाम गेला होता.

मी स्वतः दोन एकरांत सेंद्रिय करतो, त्यामुळे हे बोलायचा मला हक्क आहे. माझ्या जमिनीला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी घरच्यांनी मला वेड्यात काढलं. गांडूळखत एकरी किती लागतं, ते आणायचं कुठून, टाकायला मजूर किती, हा हिशोब मांडल्याशिवाय भाताच्या शेतकऱ्याला ‘उद्यापासून युरिया नाही’ म्हणणं म्हणजे त्याचा घास काढणं. आणि हाच शेतकरी राजपक्षेंचा हक्काचा मतदार होता, गावाकडचा सिंहली माणूस. मला वाटतं पेट्रोलच्या रांगेने शहर गेलं, पण गाव खतानेच गेलं असणार.

दुसरं, आपल्याशी नातं आहे. कोलंबोच्या बाजारात मोठ्या लाल कांद्याला ‘बॉम्बे ओनियन’ म्हणतात, आमच्या लासलगावच्या व्यापाऱ्यांकडून हे नाव लहानपणापासून ऐकत आलोय. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये उठवली. इथे आमचा भाव पडला, तिथे त्यांचा चढला. आमच्या दिंडोरीत लोकसभेला कांद्याने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. एकच कांदा, दोन्ही देशांतल्या सरकारांना जड गेला.

समुद्रपक्षी

निफाडकर, फार मोलाचं लिहिलंत. अगदी खरं आहे, दुकानात पाटीवर ‘बी ओनियन’ असं लिहिलेलं असतं. त्या वर्षी टीचर अर्धा कांदा वापरून उरलेला अर्धा झाकून ठेवायच्या. खताचा मुद्दा माझ्याकडून सुटायला नको होता. अनुराधपुरा, पोलोन्नरुवा हा भाताचा मुलूख, आणि दिसानायके त्याच भागातल्या थंबुत्तेगमाचे. वडील मोजणी खात्यात मजूर होते. गावच्या माणसाला ‘हा आपल्यातला’ वाटायला तेवढं पुरलं.

चेन्नईकर

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावर-चेन्नईकडचं, मराठी घरापुरती. माझ्या कार्यालयातली जवळची मैत्रीण श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफनाच्या तमिळ कुटुंबातली आहे, १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर इकडे आलेल्यांपैकी. म्हणून हा सगळा आनंद मला अर्धाच वाटतो.

एनपीपीने जाफना जिल्ह्यात सहापैकी तीन जागा घेतल्या. दक्षिणेतल्या सिंहली नेतृत्वाचा पक्ष जाफनात पहिला, हे कधी घडलं नव्हतं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘मनं जुळली’ म्हटलं. पण जेव्हीपीचा इतिहास काय? १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराविरुद्ध हिंसक बंड त्यांनीच केलं. उत्तर आणि पूर्व प्रांतांचं विलीनीकरण रद्द करवून घ्यायला न्यायालयात तेच गेले आणि २००६ मध्ये ते रद्द झालं. प्रांतांना अधिकार देण्याच्या मुद्द्यावर त्यांचं आजही नेमकं काय म्हणणं आहे, हे मैत्रिणीला विचारलं तर ती खांदे उडवते.

जाफनाच्या माणसाने एनपीपीला मत का दिलं? तमिळ पक्षही तितकेच जुने आणि तितकेच फुटलेले आहेत म्हणून. एका पक्षाचे चार, चाराचे आठ, सगळ्यांची भाषणं तीच. त्या लोकांनाही आपल्या जुन्या पक्षांचा वीट आला होता. पण कंटाळून दिलेलं मत म्हणजे जखम भरली असं नव्हे. लष्कराच्या ताब्यातल्या जमिनी, यादवी युद्धाच्या काळात बेपत्ता झालेल्या माणसांचा शोध, हे प्रश्न तसेच आहेत. मैत्रिणीचा मामा त्या बेपत्तांपैकी आहे. त्यांच्या घरात दर सणाला त्याचं एक ताट वाढतात.

समुद्रपक्षी

तुमचं म्हणणं मनापासून मान्य. मी दक्षिणेत राहिलो, सिंहली शेजारात, त्यामुळे माझी नजर तिकडचीच आहे.

एक भर घालतो, खोडण्यासाठी नव्हे. डोंगरातल्या चहामळ्यांतले तमिळ, ज्यांना ब्रिटिशांनी नेलं आणि स्वातंत्र्यानंतर ज्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं गेलं, त्यांच्यातल्या स्त्रियाही या वेळी एनपीपीकडून निवडून आल्या. आणि सरोजा पॉलराज ही तमिळ स्त्री तर मातरासारख्या सिंहलीबहुल जिल्ह्यातून. तिथे मतदार पक्षाला मत देतो आणि शिवाय त्या यादीतल्या तीन नावांपर्यंत पसंतीही देतो. ही पसंती हजारो सिंहली मतदारांनी तिला दिली. बेपत्तांचा प्रश्न याने सुटत नाही हे मला कळतं. पण मी पाहिलेल्या श्रीलंकेत ही गोष्ट लहान नव्हती.

रानजाई

बायकांचा विषय निघालाय म्हणून विचारते. जगातली पहिली महिला पंतप्रधान श्रीलंकेने १९६० मध्ये दिली, सिरिमावो बंडारनायके. मग संसदेत बायका एवढ्या कमी का? या वेळी २१ निवडून आल्या आणि तोच उच्चांक, असं वाचलं. २२५ मध्ये २१!

शेवंती

कारण सिरिमावो आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्यांच्या कन्या चंद्रिका, दोघीही घराण्यातून आल्या. नवऱ्याची किंवा वडिलांची हत्या झाली आणि पक्षाला आडनाव हवं होतं. आडनावाशिवाय येणारीला पसंतीच्या मतांच्या शर्यतीत पैसा लागतो, आपल्याच पक्षातल्या उमेदवारांशी लढावं लागतं. या वेळी एनपीपीने तो खर्च व्यक्तीवर पडू दिला नाही, प्रचार चिन्हाचा केला. हरिणी अमरसूर्यांना कोलंबो जिल्ह्यात साडेसहा लाखांहून जास्त पसंतीची मतं पडली. त्यांच्या मागे कुठलंही घराणं नाही.

टोरांटोकर

कॅनडाचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. मी १९९१ मध्ये आलो, नागरिकत्व नव्हतं, पण १९९३ ची निवडणूक पहिल्या दिवसापासून पाहिली. सत्तेत असलेल्या प्रोग्रेसिव्ह काँझर्व्हेटिव्ह पक्षाने १९८८ मध्ये २९५ पैकी १६९ जागा जिंकल्या होत्या. २५ ऑक्टोबर १९९३ च्या रात्री उरल्या दोन. पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतः व्हँकुव्हरमध्ये हरल्या. हा कॅनडाचा संस्थापक म्हणावा असा पक्ष, पहिले पंतप्रधान मॅकडोनल्ड यांचा.

कारणं होती : १९९१ मध्ये लागलेला ७ टक्के जीएसटी, मंदी, आणि फ्रेंच भाषिक क्युबेक प्रांताला खूश करायच्या प्रयत्नात क्युबेक आणि पश्चिम दोन्ही नाराज. पण एक गोष्ट बघा, त्यांना मतं १६ टक्के होती. देशभर पातळ पसरलेली, म्हणून दोन जागा. फक्त क्युबेकपुरत्या असलेल्या ब्लॉक क्युबेक्वा पक्षाला साडेतेरा टक्क्यांत ५४ मिळाल्या आणि तो अधिकृत विरोधी पक्ष झाला. आणि त्या १६ टक्क्यांचं पुढे काय झालं? दहा वर्षांनी, २००३ मध्ये, पश्चिमेतल्या नव्या पक्षाशी ते एकत्र आले आणि २००६ मध्ये त्यांचं सरकार आलं. नाव जवळजवळ तेच, माणसं निम्मी वेगळी. जुन्या पक्षाची मतं विरघळत नाहीत, ती भाड्याने दुसरं घर शोधतात. कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

कृष्णाकाठ

टोरांटोकर, आवडलं. पण माझी अस्वस्थता वेगळी आहे, ती बोलून टाकतो. १९८७ ते ८९ मध्ये जेव्हीपीने काय केलं ते मी तेव्हा रोज वर्तमानपत्रात वाचत होतो. चिठ्ठी टाकून दुकानं बंद करायला लावायचे, भारतीय माल विकू नका म्हणून धमक्या, न ऐकणाऱ्यांचे खून. आणि सरकारी पथकांनी जे केलं ते त्याहून भयंकर, टायर घालून जाळलेली पोरं. दोन्हीकडून हजारो, हजारो मेली. त्या पक्षाच्या हातात आज दोन तृतीयांश बहुमत आहे. लोक विसरले का?

समुद्रपक्षी

काका, विसरले नाहीत. टीचर ज्या शाळेत होत्या तिथली दोन मुलं १९८९ मध्ये गेली. एक जेव्हीपीच्या संशयावरून उचललेला, दुसरा जेव्हीपीने मारलेल्या पोलिसाचा मुलगा, शाळा सोडून गेला तो परत आला नाही. दोघांची बाकं त्यांनी वर्षभर रिकामी ठेवली होती. त्यांना दोन्ही नावं पाठ आहेत.

दिसानायकेंनी २०१४ मध्ये पक्षाची सूत्रं हाती आल्यावर त्या काळातल्या हत्यांबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. काहींना ती अपुरी वाटते. तिथे राहून मला असं दिसलं की लोकांनी माफ केलं नाही, पण पस्तीस वर्षं सत्तेबाहेर राहिलेल्यांना एकदा बघू म्हणाले. २००४-०५ मधलं थोडं मंत्रिपद सोडलं तर यांच्या हाती काही नव्हतंच, म्हणून खाल्लंही नव्हतं. हा फार छोटा गुण आहे, पण दुसऱ्या कुणाकडे तेवढाही नव्हता.

आणि विसरू नका, २०२३ च्या मार्चमध्ये स्थानिक निवडणुका व्हायच्या होत्या, त्या तिजोरीत पैसे नाहीत म्हणून झाल्याच नाहीत. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की यात नागरिकांच्या हक्कांचा भंग झाला. राग काढायची लहान वाट बंद केली, मग तो सगळा मोठ्या वाटेने आला.

शेवंती

त्या स्थानिक निवडणुका शेवटी मे २०२५ मध्ये झाल्या. एनपीपी बहुतेक ठिकाणी पहिली आली, पण मतं ४३ टक्क्यांवर आली. सहा महिन्यांत ६१ वरून ४३. उत्तरेत तमिळ पक्षांनी बरंच परत मिळवलं. मी वर म्हटलं ते यासाठीच. २०२४ च्या सप्टेंबरमधला ४२ हा त्यांचा खरा आकडा, नोव्हेंबरमधला ६१ हा लोकांनी दिलेला उधार.

चेन्नईकर

उत्तरेबद्दल मैत्रीण म्हणाली, “तीन जागा दिल्या होत्या, सहा महिने वाट पाहिली.” एवढंच.

नवखा_वाचक

धागा वाचनखूण म्हणून साठवला. शेवटचा एक प्रश्न, खासगी असेल तर उत्तर देऊ नका. टीचरनी शेवटी मत कुणाला दिलं?

समुद्रपक्षी

मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जे पाहिलं ते सांगतो.

२१ सप्टेंबरला सकाळी सातला मतदान सुरू व्हायचं होतं. त्या साडेसहालाच पांढरी साडी नेसून, छत्री घेऊन तयार. मतदान केंद्र म्हणजे जवळचीच शाळा. गुडघा दुखतो म्हणून मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. रांगेत आवाज नव्हता. पेट्रोलच्या रांगेत जी माणसं दोन वर्षांपूर्वी पाहिली होती त्यातले दोघे-तिघे तिथे दिसले, आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून.

चाळीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या. बोटाला शाई. रिंगणात ३८ उमेदवार होते, त्यामुळे मतपत्रिका हातभर लांब. चालता चालता म्हणाल्या, “पुता, आधी वरून खालपर्यंत हत्तीच शोधला. नाही हे माहीत होतं. तरी शोधला.” मग म्हणाल्या, मागचे लोक खोळंबले असतील म्हणून त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल उचलली आणि एकच फुली मारली. दुसरी पसंती लिहिली नाही.

रात्री दहापासून संचारबंदी लागली. आम्ही अंगणात बसून रेडिओवर जिल्ह्यांचे निकाल ऐकत होतो. पहाटे दोनच्या सुमाराला त्या उठल्या, भिंतीवरची डी. एस. सेनानायकेंची तसबीर पदराने पुसली, परत जागेवर लावली आणि झोपायला गेल्या.